कुणाच्याही हातचं जेवण

मी दुसरी-तिसरीत असताना आमच्या घरात एक नियम आला. बाहेरच्या कुणी काही दिलं तर खायचं नाही. त्याआधी असलं काही नव्हतं.

आमचं गाव सेनगावच्या पुढे, जीप जाते तिथपर्यंत. घरी मेंढ्या-शेळ्यांचा कळप आणि थोडी कोरडवाहू जमीन. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांच्या थोरल्या भावाचं घर आमच्या घराला लागूनच, मधे एक मोकळं अंगण. ते काका मी पाहिले नाहीत, फार लवकर गेले. त्यांची बायको, म्हणजे माझी मोठी माय, एकटीच राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. माय शेतात गेली की मी दिवसभर तिच्याकडे. भाकरी तव्यावरून उतरली की ती वरचा पापुद्रा अलगद सोडवायची, आत तेल आणि तिखट घालायची आणि फुंकर मारून माझ्या हातात द्यायची. तिच्या घरात मला कुणी रागावत नसे.

एका पावसाळ्यात कळपाला हगवण लागली. सकाळी उभं असलेलं कोकरू दुपारी आडवं झालेलं असायचं. त्या साली आजूबाजूच्या गावांतही खूप जनावरं गेली, पण ते आम्हाला पुढे कळलं. तेव्हा डोळ्यांपुढे एवढंच होतं की आमचा कळप निम्मा झाला आणि मोठ्या मायच्या दारातल्या दोन शेळ्या मात्र टुणटुणीत उभ्या राहून पाला खातायत.

दादा पलीकडच्या गावात एका जाणत्याकडे जाऊन आले. जाणता म्हणजे बघून सांगणारा माणूस. कुणी करणी केली, कुणाची नजर लागली, हे तो तांदूळ टाकून सांगायचा. त्याने नाव घेतलं नाही. "तुमच्याच भावकीतली हाये. बाईमानूस हाये. दार तुमच्या दाराकडं हाये," एवढंच म्हणाला. नाव घ्यायची गरजच नव्हती.

दादांनी तिला शिवी दिली नाही, हात लावला नाही. त्यांनी बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि अंगणाच्या मधोमध कुंपण घालायला लागले. मोठी माय दारात उभी राहून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काहून रे?"

दादांनी पुढची काटी मातीत रोवली.

दुसऱ्या दिवशी मी सवयीने तिच्याकडे निघाले तर मायने मला दंडाला धरून ओढलं. "तिच्या हातचं खाल्लं तं मरशील," ती म्हणाली. ती रडत होती. मला कळलं की माय खरंच घाबरली आहे, आणि मग मीही घाबरले.

भीती एकदा घरात आली की एका माणसापुरती राहत नाही, हे मी तिथे शिकले. आधी मोठी माय होती. मग शेजारची, मग कुणीही. डोकं विंचरलं की गळालेले केस गोळा करून जाळायचे. नखं इकडेतिकडे टाकायची नाहीत. दिवेलागणीनंतर कपडे दोरीवर राहू द्यायचे नाहीत. रस्त्यात लिंबू पडलेलं दिसलं की लांबून वळसा घालायचा. माझ्या गळ्यात एक काळा दोरा आला, मग कमरेला दुसरा. शाळेत मुली डबे एकमेकींत वाटून खायच्या तेव्हा मी माझा डबा मांडीवर घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे.

लग्न होऊन मी आखाडा बाळापूरला आले. नवरा जीप चालवतो. मोठ्या रस्त्याच्या मागच्या बाजूला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भीतीही माझ्याबरोबर सासरी आली. या गावात मी कुणाकडे चहासुद्धा घेत नव्हते. लग्नाकार्यात जायचे, पंगतीत बसायचे आणि उपाशी परत यायचे. सुरुवातीला नवरा हसायचा. "आहेर देऊन घरी खिचडी खानारी तूच एक," म्हणायचा. नंतर हसायचं बंद झालं.

मला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात सगळं वाहून गेलं. वर्षाने पुन्हा तेच झालं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. माय भेटायला आली ती वेगळंच घेऊन. "तुझ्या लग्नात लांब उभी राहून पाहून राहिली होती ती. म्या सोता पाहिलं," ती म्हणाली. ती म्हणजे कोण, हे सांगावं लागलं नाही. मायने नवा ताईत आणला होता. तो बांधताना तिचे हात थरथरत होते.

माय परत गेली आणि त्याच दुपारी शेजारच्या ताई आल्या. त्यांच्या नवऱ्याचं रस्त्यावर पंक्चर काढायचं दुकान. त्यांचं माहेर जालन्याकडचं, आणि ते घर ख्रिस्ती आहे एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी डब्यात मुगाची खिचडी आणली होती. मी डबा घेतला, धन्यवाद म्हटलं आणि त्या गेल्यावर खिचडी गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. या वेळी डबा दिला नाही, स्वतःच खाली बसल्या. "एक ताट आना," म्हणाल्या. मी आणलं. त्यांनी सगळी खिचडी त्या एका ताटात काढली, वर तूप सोडलं आणि पहिला घास स्वतः घेतला. दुसरा घेतला. मग ताट माझ्याकडे सरकवलं.

"आता तुमी खा. मी खाल्ली न्हवं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी खाल्लं. गरम होती, मीठ जरा कमी होतं. किती वर्षांनी मी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात होते. मला रडू यायला लागलं. त्या माझ्याबरोबर त्याच ताटात जेवत राहिल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी शेवटी विचारलं.

"माझी आजी अशीच होती. कोनाच्या घरचं पानी घ्यायची न्हाई. रस्त्यानं चालताना बी घाबरायची. मंग तिला येशू भेटला."

येशू म्हणजे नाताळचा, चांदणी लावतात तो, एवढंच मला ठाऊक होतं. भीतीशी त्याचा काय संबंध, ते कळेना. मी तसं विचारलंही. ताई म्हणाल्या, "सांगीन. आज न्हाई, आज झोपा."

मग दुपारी त्या यायला लागल्या. आम्ही तूर निवडायचो, किंवा मी शिवणयंत्रावर ब्लाउज शिवायचे आणि त्या गुंड्या लावायच्या. त्या येशूच्या गोष्टी सांगायच्या, गावाकडच्या कुणा नातेवाइकाची गोष्ट सांगावी तशा. तो महारोग्याला हात लावायचा. लोक ज्यांच्या घरी जात नव्हते त्यांच्या घरी जाऊन जेवायचा. मी ऐकायचे आणि विसरून जायचे.

एकदा त्यांनी एका बाईची गोष्ट सांगितली. गावाने तिला धरून आणलं होतं, परपुरुषाबरोबर असल्याचा तिच्यावर आरोप होता, सगळ्यांच्या हातात दगड होते. येशूला विचारलं, हिचं काय करायचं? तो खाली वाकून मातीत बोटाने काहीतरी लिहीत बसला. मग म्हणाला, ज्याने कधीच काही चुकीचं केलं नसेल त्याने पहिला दगड मारावा. एकेक जण निघून गेला.

मी मशीन थांबवलं. "तिनं खरंच केलं होतं का?"

"केलं होतं."

"तरी तो तिच्या बाजूनं उभा राहिला?"

"तरी राहिला."

माझ्या डोळ्यांपुढे मोठी माय दारात उभी होती. तिने तर काहीच केलं नव्हतं. हे वाक्य माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. इतकी वर्षं मी तिला घाबरत होते, तिची दया येत होती, तिची आठवण येत होती. पण तिने काहीच केलेलं नाही असा साधा विचार मी कधी केला नव्हता. आणि तिच्या बाजूने कुणीही उभं राहिलं नव्हतं.

त्यानंतर मी एका रविवारी ताईंबरोबर प्रार्थनेला गेले. पत्र्याची एक लांब खोली, खाली सतरंज्या, एक ढोलकी. पंधरा-वीस माणसं असतील. पास्टर म्हणजे कळमनुरीकडचे एक हडकुळे गृहस्थ, आठवडाभर स्वतःची शेती करायचे. प्रार्थना झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले आणि माझ्या समजुतीप्रमाणे विचारलं, "तुमच्याकडचा एखादा ताईत मिळेल का?"

ते हसले, पण मला कमी लेखून नाही. "आमच्याकडं तसलं काही न्हाई, बाई."

"मग रक्षण कसं होतं?"

"तो सोबत असतो. बांधून घ्यायला लागत न्हाई."

"आणि हे जुने दोरे? तुम्ही काढून द्या."

"मी न्हाई काढनार. ते तुमचे हायेत. मनातली भीती गेली की तुमीच काढाल. भीती असताना काढले तं आनखी भ्याल."

मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला घाई करत नव्हतं. मी रविवारी जात राहिले. गाणी पाठ झाली. नवऱ्याला सांगूनच जायचे. तो म्हणायचा, जा, तेवढंच बाहेर पडशील.

निर्णयाचा दिवस तसा साधाच होता. संध्याकाळी ताई ओट्यावर बसल्या होत्या, आम्ही बोलत होतो, त्या उठून गेल्या. मी आत जाणार तर दोरीकडे लक्ष गेलं. कपडे तसेच होते. दिवेलागण होऊन गेली होती, रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि माझे कपडे बाहेर वाऱ्यावर हलत होते. मी विसरले होते. मी धडधड सुरू होण्याची वाट पाहिली. ती आली नाही. मी पोटावर हात ठेवला, छातीवर ठेवला. आत सगळं शांत होतं.

मी तिथेच पायरीवर बसले. मला सुचेना काय म्हणावं. त्याला तू म्हणायचं की तुम्ही, हेही ठरत नव्हतं. शेवटी म्हणाले, "येशू, मी तुमच्या मागं येते. मला आता कुणाला भ्यायचं नाही." एवढीच प्रार्थना. मग आत गेले, भाजीची विळी घेतली आणि गळ्यातला दोरा कापला, कमरेचा कापला, मायने बांधलेला ताईतही सोडला. तो मात्र टाकवला नाही. तिच्या हातांची थरथर त्यात होती. कागदात गुंडाळून ठेवला.

नवरा जेवायला आला तेव्हा त्याची नजर माझ्या गळ्याकडे गेली.

"दोरा कुठं गेला?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. तो भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

"म्हंजी तू आता ख्रिश्चन झाली?"

"मी येशूच्या मागं जायचं ठरवलंय. बाप्तिस्मा पुढं घेईन. तुम्हाला तकलीफ होईल का?"

तो विचार करून म्हणाला, "लोक बोलतील. माझ्या जीपमधी बसून मलाच विचारतील." मग हातातला तुकडा ताटात ठेवला. "पन तू आता झोपेत दचकून राहिली न्हाईस. दोन महिने झाले, मी पाहून राहिलो. बोलू दे लोकांना."

लोक बोललेच. घरमालकाने किती पैसे मिळाले म्हणून विचारलं. दोन घरांतून हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण एक गंमत अशी झाली की ज्या घरांनी बोलावणं चालू ठेवलं त्यांच्याकडे मी आता पोटभर खाऊन यायला लागले. त्या बायकांना मी धर्म बदलल्याचं नवल कमी आणि मी दुसऱ्यांदा पोहे मागितल्याचं जास्त होतं.

एक गोष्ट राहिली होती. ती करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ताईंना नाही, पास्टरांना नाही, मी कुणालाच विचारलं नाही. सकाळच्या एसटीने हिंगोलीला गेले, तिथून सेनगाव, तिथून जीप. गावात उतरले आणि माहेरच्या दाराकडे न वळता सरळ मोठ्या मायच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती चुलीपुढेच होती. केस पांढरे, पाठ वाकलेली. डोळ्यांवर हात धरून तिने माझ्याकडे पाहिलं. "कोन व्हय?"

मी नाव सांगितलं. तिचा हात परातीतच थांबला.

"वाट चुकली काय बाई? तुहं घर तिकडं हाये."

"तुमच्याकडंच आले. भूक लागलीय."

ती घाबरली. खरंच घाबरली, माझ्यासाठी. "जाय, लेकरा. तुही माय पाहील. तुला काही झालं तं पुन्हा माझंच नाव यील."

"मला काही होत नाही, मोठी माय. द्या भाकरी."

मी तिच्या चुलीपाशी बसले. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिने पीठ मळायला घेतलं. भाकरी उतरली, तिने पापुद्रा सोडवला, तेल-तिखट घातलं आणि फुंकर मारायला तोंड पुढे केलं आणि तिला हुंदका आला. मी तिच्या हातातून भाकरी घेतली. पहिला घास मी तिला भरवला, दुसरा मी खाल्ला.

"काहून आली गं तू?" तिने विचारलं.

मी तिला येशूचं सांगितलं. तिला सगळं समजलं असं नाही. ती म्हणाली, "चांगला मानूस दिसतो. त्यानं तुला माझ्या घरी धाडलं."

कुंपणापलीकडे माय उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

मी माहेरच्या घरात गेले तेव्हा मायने माझ्याकडे पाठ केली. दिवस मावळताना दादा कळप घेऊन आले. मायने त्यांना दारातच सांगितलं. दादा खाटेवर बसले, पागोटं काढून बाजूला ठेवलं.

"त्या घरी जेवलीस?"

"व्हय."

"गळ्यातलं कुठं हाये?"

मी सांगितलं, दाव्याने बांधलेलं जनावर सोडल्यावर कसं वाटत असेल ते आता कळतं. मग येशूचं सांगितलं. दादा जमिनीकडे बघत होते.

"म्हंजी आपला देव सोडला."

"दादा, तुमच्या देवाला मी नावं ठेवायला आले न्हाई. मला जिथं भीतीतून सुटका मिळाली, त्याच्या मागं मी चालले. एवढंच सांगायला आले."

"मंग मी चुकलो, असंच म्हनती न तू?"

इतका थकलेला आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी त्यांच्या पायाशी बसले. "कोकरं मरून राहिली होती, दादा. तुमी घाबरले होते. मीबी घाबरले होते. सगळेच घाबरले होते."

दादा उठून जनावरांना पाणी दाखवायला गेले.

सकाळी मला जाग आली ती कपाळावरच्या हाताने. माय ताप आहे का बघत होती. तिने माझे डोळे पाहिले, जीभ बघितली, पोटात दुखतंय का विचारलं. मी म्हणाले, दुखतंय, भुकेनं. ती चिडली आणि हसली, दोन्ही एकदम. पण चुलीकडे जाताना तिने कुंपणाच्या दिशेने जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. काहीतरी फार जड खाली ठेवावं की ठेवू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

त्या उन्हाळ्यात माझा बाप्तिस्मा झाला, धरणाच्या कालव्यात. पाणी छातीपर्यंत होतं आणि उन्हाळा असूनही गार. पास्टरांनी मला पाण्याखाली नेलं आणि वर काढलं तेव्हा काठावर सगळे गात होते. नवरा जीप रस्त्यावर लावून आला होता. आणि मोठी माय आली होती, माझं कोरडं लुगडं मांडीवर घेऊन. ती येशूच्या मागे आली नाही. तिच्या देव्हाऱ्यातला दिवा ती आजही लावते. पण मला अंग पुसून देताना म्हणाली, "थंडी वाजून राहिली काय? इकडं ये, उन्हात." मी उन्हात तिच्याजवळ बसले आणि मला वाटलं, आता आयुष्यात यापेक्षा जास्त काही नको.

दादा-माय आले नव्हते. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करायचे, हट्टाने नाही, जमेल तशी. पावसाळ्यात दादांचा फोन आला. माय तिच्या माहेरी गेली होती आणि त्यांचा पाय मुरगळला होता.

"जेवलात का?" मी विचारलं.

त्यांनी घसा खाकरला. "वैनीनं आनून दिली भाकरी."

"मग?"

"मंग काय. खाल्ली." आणि थोड्या वेळाने, "काही झालं न्हाई."

मी फोन ठेवला आणि ताईंच्या दारात जाऊन नुसती उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला मिठी मारली.

गेल्या हिवाळ्यात मोठ्या मायच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला जवळजवळ दिसेनासं झालं होतं. नांदेडला न्यायचं ठरलं तेव्हा मी जीप गावाकडे न्यायचं नवऱ्याशी बोलत होते, तेवढ्यात दादांचाच फोन आला की आम्ही निघालोय, तू सरळ तिकडेच ये. माय तिच्या शेजारी बसून आली होती, तिचा हात धरून. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. मोठी माय डोळे किलकिले करून इकडेतिकडे बघायला लागली. भिंत बघितली, खिडकी बघितली. मग तिची नजर पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या दादांवर गेली. ती लग्न होऊन आली तेव्हा दादा अर्ध्या चड्डीत शेळ्या वळायचे.

तिने त्यांना बराच वेळ न्याहाळलं.

"अरे," ती म्हणाली, "तुहे केस पिकले की रे सगळे."

दादांनी डोक्यावरून हात फिरवला. "लई दिवस झाले वैनी," ते म्हणाले आणि हसायला लागले, आणि हसता हसता पागोट्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले.